भाड्याचं मशीन

प्रिय शिडीबाई,

ही हाक तुझ्या आईला कधीच आवडली नाही. मुलीच्या जातीला शिडी काय म्हणता, म्हणून ती माझ्यावर डाफरायची. पण माझ्यासारख्या ठेंगण्याला एवढी उंच मुलगी झाली, तर ते कौतुक कुठे तरी बाहेर पडणारच. आता घरात डाफरायला कोणी नाही, म्हणून बिनधास्त लिहिली.

फोनवर तू रोज तेच विचारतेस, बुडखे काढायचं मशीन विकत घ्यायचं की भाड्यानेच आणायचं, ठरलं का? मी रोज 'बघू' म्हणतो आणि विषय बदलतो. तू म्हणतेस, माझी साठवलेली पुंजी पडून आहे, ती घ्या आणि मोकळे व्हा. फोनवर तुझ्याशी वाद घालणं माझ्या आवाक्यातलं नाही, कारण माझं वाक्य संपायच्या आत तू ते खोडून टाकलेलं असतं. पत्रात निदान तुला गप्प बसून ऐकावं लागेल.

इथली हालत सांगतो. स्टेशनच्या रस्त्यावरची झाडं सगळी गेली. सालीखाली कीड शिरली आणि एकेक करत पार डोंगराकडच्या टोकापर्यंत वाळत गेली. नगरपालिकेने झाडं तोडून लाकूड नेलं आणि बुडखे तसेच ठेवले. बरोबर ठेच लागेल एवढ्या उंचीचे. दोन-तीन म्हातारी माणसं तोंडघशी पडली, तेव्हा कुठे बुडखे काढायचं काम माझ्याकडे आलं. रस्ता आता इतका उघडा पडलाय की, समोरच्या घरातलं कोण काय वाळत घालतंय तेही दिसतं. मला तिथून चालवत नाही, पण कामच तिथे आहे.

भाड्याच्या मशीनची कटकट तुला माहीत आहे. भाडेवाला आदल्या दिवशी होकार देतो आणि सकाळी सांगतो, दुसरीकडे गेलंय. मिळालं की घरी नेऊन ठेवायची सोय नाही, संध्याकाळी परत द्यायचं. मग चहालासुद्धा थांबवत नाही. घाईत जमीन नीट तपासली जात नाही, आणि मातीत दडलेला एक दगड बुडखा कापायच्या चाकाखाली आला की दाता तुटलाच म्हणून समज. भाडेवाला हा माणूस म्हणजे एक नमुना आहे. मशीन परत घेताना चाकाच्या प्रत्येक दात्यावरून बोट फिरवतो आणि मग माझ्या तोंडाकडे बघतो. सुट्टीत तू यायचीस, पहार घेऊन बुडख्याभोवती ठोकत फिरायचीस आणि नुसत्या आवाजावरून खाली दगड आहे की मूळ ते सांगायचीस, तेव्हा त्याला माझ्याकडे बघायची संधी मिळायची नाही. आता पहारही मीच मारतो आणि मशीनही मीच धरतो. कमरेचं काय होतं ते विचारू नकोस.

परवा कोपऱ्यावरचा मोठा बुडखा काढला. आपले जुने पोस्टमन रोज संध्याकाळी त्यावर येऊन बसायचे, हे माझ्या लक्षातच नव्हतं. ते नेहमीच्या वेळेला आले आणि भुशाच्या ढिगापुढे काठी टेकून उभे राहिले. मी समोरच्या दुकानातून खुर्ची मागून आणली, तर नको म्हणाले. काही रागावले नाहीत, वळून घरी गेले. मी तो भुसा पोत्यात भरत बसलो आणि मला फार वाईट वाटलं. काम चोख झालं होतं, तरी वाटलं.

आता खरं सांगतो, मी विकत घ्यायचं ठरवलं होतं. अक्कल सांगत होती की घेऊ नये. हा रस्ता संपला की गावात काढायला बुडखे उरणार नाहीत, कारण तोडायला झाडंच उरलेली नाहीत. स्वतःचं मशीन दारात आलं की, काम नसलेल्या दिवशीही ते डोळ्यांसमोर उभं राहणार. पण घर इतकं गप्प असतं ना, की मला वाटलं, दारात आपलं काही तरी असू दे. तेल घालायला, पुसायला, झाकून ठेवायला. तुझ्या पुंजीला हात लावायचा नाही, माझ्याजवळचं किडुकमिडुक मोडायचं आणि तुला नंतर सांगायचं, असा बेत केला. चांगला शर्ट घालून मशीनच्या दुकानात गेलो.

दुकानदार मला बघून उठूनच उभा राहिला. म्हणाला, तुम्हीच आलात का, बरं झालं, तुमच्या मुलीने बयाणा केव्हाच भरलाय, मशीन तयार आहे. मला आधी हसू आलं. बापाचीच मुलगी, गुपचूप काम उरकणारी. मग त्याने मशीनवरचं कापड काढलं आणि मी दांडा धरायला हात पुढे केला, तर दांडा माझ्या छातीशी आला. मला वाटलं, चुकून दुसऱ्याचं मशीन दाखवतोय. तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, तुमच्या मुलीने स्वतः उंची सांगितली, कारागिराकडून दांडा वर करून बसवून घेतलाय, चालवणाऱ्याला वाकायला लागू नये म्हणून. तो आणखी बरंच बोलत होता. माझं लक्ष त्या दांड्याच्या उंचीवरच होतं.

फोनवर तू म्हणाली होतीस, मशीन घ्या आणि चालवायला एखादा माणूस ठेवा. तो माणूस कोण, ते मला त्या दुकानात कळलं. नोकरी सोडून यायचं तुझं ठरलंय. तुझ्या त्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तू नवीन लागलीस, तेव्हा आई आणि मी फोन मधे ठेवून बसायचो. कुठल्या विहिरीच्या पाण्यात काय सापडलं, साहेबांचा आकडा कसा चुकला आणि तुझा कसा बरोबर आला, हे तू अर्धा-अर्धा तास सांगायचीस. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण आई दुसऱ्या दिवशी शेजारी जाऊन ते सगळं जसंच्या तसं सांगून यायची. ती गेल्यापासून तू कामाचा चकार शब्द बोलत नाहीस. मी काय जेवलो, औषध घेतलं का, दार लावलं का, एवढंच विचारतेस. मला वाटायचं, दमत असशील. तुझं चित्त तिथून उठलंय, आणि ते माझ्यामुळे उठलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

म्हणून हे पत्र. मी मशीन घेतलं नाही. दुकानदाराच्या हातापाया पडून बयाणा तुझ्या खात्यात परत टाकायला लावलाय. तुझ्या फोनवर त्याचा निरोप येईल आणि तू भडकशील. भडक. मी काम भाड्याच्या मशीनवरच पुरं करीन, आणि कमरेने फारच कुरकुर केली तर अर्ध्यावर सोडीन, कोणाचं काही अडत नाही. राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर उद्याच्या उद्या साहेबांना भेट आणि परत माग. तू मला इथे नको आहेस असं समजू नकोस. मला तू इतकी हवी आहेस की, दुकानातून निघताना मी दोनदा मागे वळलो होतो. आईच्या वेळी सगळं आटोपून तू परत निघालीस, दारात चप्पल घालताना उगाच वेळ काढत होतीस, आणि मी तुला एका शब्दाने राहा म्हणालो नाही. तुला ते लागलं असणार. पण मी म्हटलं असतं, तर तू राहिली असतीस.

तुझाच,
बाबा