बिरप्पा चालवायचा ती मोटार

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

सोलापूर, ता. ५ जानेवारी १९३४

ती. सिद्धाप्पा दाजी व सौ. मायाक्का यांचे सेवेशी,
मल्लप्पाचा शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व ठीक. गुरम्माचा खोकला उतरला. गिरणीत आठवड्यातून तीनच दिवस काम मिळते. आता आम्हा मुकादम-जॉबरांनाही नोटीस लागणार असे बोलतात. चार लेकरे आहेत, दुसरे काही बघणे आले.

एक गोष्ट लिहायला हात धजत नव्हता. गुरम्मा म्हणत होती, लिहू नका, वन्संना लागंल. पण तुमच्यापासून लपवून करणे बरे नाही. चन्नप्पाशेठ मोटार विकत आहेत. तीच, तुमचा बिरप्पा चालवायचा ती. शेठजींनी नवी घेतली, म्हणून ही दुरुस्त करून, काळाभोर रंग देऊन पेढीच्या अंगणात उभी केली आहे. ती घेऊन टेंभुर्णीच्या रस्त्यावर उतारू न्यावेत असा विचार आहे. बिरप्पाला मीच शेठजींकडे लावला होता. त्याच्याबरोबर मीही चालवायला शिकलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

घरात माणूस गेल्यावर वर्षाच्या आत नवी वस्तू घेऊ नये. पण गुरम्माचा भाऊ म्हणतो, मोटार जुनीच हाय की, मग दोष कसला?

बिरप्पा मोटारीचे सगळे तुम्हाला लिहायचा. मला सांगत नसे. मामाला मागाच्या धोट्याशिवाय काय कळतंय म्हणून हसायचा. त्याची पत्रे तुम्ही ठेवली आहेत. मोटारीत काय दुखणे होते, घेण्याजोगी आहे का, तेवढे कळवावे.

धाकट्यावरची माया आहे तशी असू द्यावी.

आपला,
मल्लप्पा


॥ श्री ॥

सांगोला, ता. ११ जानेवारी १९३४

चि. मल्लप्पास सिद्धाप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. तुझ्या आक्काला वाचून दाखवले. शेरडांना नुकतेच पाणी पाजले होते, तरी ती उठून पुन्हा पाजायला गेली.

मी सतरा वर्षे गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. मोटारीतले मला कळत नाही. बिरप्पाने लिहिले तेवढे कळवतो. इंजिन चांगले आहे, थंडीतही हँडलच्या दोन हिसक्यांत सुरू होते. मागच्या उजव्या स्प्रिंगचा पाटा मोडून सांधलेला आहे. ज्येष्ठातल्या पत्रात लिहिले आहे, ते त्याच्याच शब्दांत उतरवतो: "ब्रेकच्या गजाची पिन झिजून पडली. शेठजींना दोनदा सांगितले. बघू म्हणाले. तोवर पिनेच्या जागी तार वळून घातली आहे. मामाला कळवू नका, तो पेढीवर भांडायला जाईल."

मीही शेठजींना पत्र लिहायला हवे होते. लिहिले नाही.

श्रावणात मोहोळकडच्या उतारावर मोटार पुलाच्या कठड्यावर गेली आणि बिरप्पा गेला. शेठजींनी फौजदाराला सांगितले की पोरगा प्यालेला होता. पंचनाम्यात तेच आले. इथे पाणवठ्यावर तुझी आक्का दिसली की बायका बोलायच्या थांबतात. म्हणून ती भर उन्हात पाण्याला जाते, तेव्हा तिथे कोणी नसते.

बाजारात बैल विकणारा शिंगे रंगवून आणतो. आपण दात बघतो. तू मोटारीचा रंग बघू नकोस. खाली निजून तो गज बघ. नवा असेल तर कोणी घातला, कधी घातला, आधी तिथे काय होते, ते विचार. घ्यायची की नाही ते त्यानंतर ठरव.

मला एवढेच कळायला हवे आहे. पोरगा प्याला होता, की तार तुटली.

मुलांना आशीर्वाद. गुरम्माने औषध मध्येच सोडू नये.

सिद्धाप्पा


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

सोलापूर, ता. २१ जानेवारी १९३४

ती. दाजी व आक्का यांस मल्लप्पाचा नमस्कार वि. वि.

दाजी, तार तुटली होती.

मी काल मोटारीखाली निजलो. खाली सगळे गंजलेले आणि चिखलाने माखलेले, त्यात गज तेवढा कोरा, पिनेवर अजून कारखान्याचे तेल. शेठजींची मोटार दुरुस्त करणाऱ्या बसवराज मिस्त्रीला गाठले. आधी तो पाना फिरवतच राहिला. मी बिरप्पाचा मामा म्हणून सांगितल्यावर हातातला पाना खाली ठेवून बसला. म्हणाला, पोरगं लई गुणाचं, तोंडाला कधी वास आला न्हाय. मोटार ओढून आणली तेव्हा गज लोंबत होता आणि तारेचा तुकडा त्यातच अडकलेला होता. दुसऱ्याच दिवशी शेठजींनी नवा गज घालायला लावला. तुटकी तार आणि जुना गज त्याने माळ्यावर टाकला होता, तो काढून मला दिला. मी संगती उभा राहिलो तर फौजदारापुढे सांगायला तो तयार आहे.

येत्या नाही, त्यापुढच्या गुरुवारी, एक तारखेला, आम्ही दोघे जातो. तुम्हीही यावे. मग मोटार मिळो न मिळो. शेठजी चिडले तर चिडोत. माझा भाचा होता तो.

तुमचे अक्षर बाटलीवरच्या चिठ्ठीसारखे झाले आहे, दोनदा वाचावे लागले. रागावू नये.

आक्काला सांगा, मल्लप्पा हाय.

आपला,
मल्लप्पा


॥ श्री ॥

सांगोला, ता. २५ जानेवारी १९३४

चि. मल्लप्पास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र तुझ्या आक्काने माझ्याकडून चार वेळा वाचून घेतले. तोंडाला कधी वास आला नाही, हे वाक्य तर त्याहून जास्त वेळा. काल ती जेवली. सकाळी सगळ्या बायकांबरोबर पाण्याला गेली, आणि कोणी विचारले नाही तरी तिने सांगितले.

मी दोन दिवसांची रजा काढली आहे. गुरुवारी सकाळी तुझ्या घरी येतो. गज आणि तार जपून ठेव. ती घासूनपुसून स्वच्छ करू नकोस.

मोटार तू घे, असे तुझी आक्का म्हणते. बिरप्पाचा हात लागलेली वस्तू परक्याच्या दारी जाण्यापेक्षा मामाच्या दारी बरी. माझीही हरकत नाही.

तू आमच्यासाठी झटलास, हे विसरणार नाही.

सिद्धाप्पा


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

सोलापूर, ता. ४ फेब्रुवारी १९३४

ती. दाजी यांचे सेवेशी मल्लप्पाचा शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी तुम्ही आलात आणि मी घरी नव्हतो, याची क्षमा असावी. अक्कलकोटला एकाएकी जावे लागले.

बुधवारी शेठजींनी पेढीवर बोलावले होते. मी मोटारीखाली निजलो होतो, हे त्यांना कळले होते. पण रागावले नाहीत. पाट दिला, चहा दिला. म्हणाले, मोटार घेऊन जा, चालवून सवडीने पैसे दे. उतारूंच्या परवान्याचेही तेच बघणार आहेत. जुने तेवढे उकरू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. मिस्त्रीही आता नीट आठवत नाही म्हणतो. गज आणि तार त्यांच्या माणसाने नेली. मी नको कसे म्हणणार?

दाजी, मला नोटीस लागली आहे. बिरप्पा तर परत येत नाही. फौजदाराने लिहून घेतले म्हणून आक्काचे दुःख थोडेच हलके होणार आहे? मोटार आली की आक्काला पहिल्यांदा मीच बसवून आणीन.

आणखी एक. बिरप्पाची ज्येष्ठातली पत्रे शेठजींना बघायला हवी आहेत. माझ्या नावे पाठवावीत. त्यावाचून परवान्याचे अडते आहे.

माझ्याविषयी मन वाकडे करू नये.

आपला,
मल्लप्पा


सांगोला, ता. १० फेब्रुवारी १९३४

रा. रा. मल्लप्पा यांस,

पत्र पोचले. गुरुवारी गुरम्माने चहा दिला, पण वर बघितले नाही. तुझ्या वहाणा दारात होत्या. मी फौजदाराच्या कचेरीत एकटाच गेलो. पुरावा काय, असे त्यांनी विचारले. मी परत आलो.

मोटार घेण्याजोगी आहे का, असे तू विचारले होतेस. आहे. इंजिन चांगले आहे. पिन दर महिन्याला काढून बघत जा, तुझ्यामागे लोक बसलेले असतील. तुझी आक्का बसणार नाही.

पत्रे तुला मिळणार नाहीत. बिरप्पाचे ज्येष्ठातले पत्र आणि तुझे एकवीस तारखेचे पत्र, दोन्ही जिल्हा मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे पाठवायला मी पाकिटात घातली. मिस्त्री विसरला, तरी तो काय बोलला हे तुझ्या हातचे लिहिलेले आहे. साहेबांनी तुला बोलावले तर खरे सांगावे. त्यातून काही निघेलच असे नाही. शेठजींची सगळीकडे ओळख आहे.

पाकिटात काय आहे ते मी तुझ्या आक्काला सांगितले. ती म्हणाली, भाऊ हाय माझा, त्याचं नाव तेवढं खोडा की. मी म्हणालो, पत्रच त्याच्या हातचे आहे, खोडायचे काय? तुला पटत नसेल तर पाठवत नाही, असेही म्हणालो.

ती दुपारपर्यंत पाकीट मांडीवर घेऊन बसली. मग उठली, डोक्यावर पदर घेतला आणि मला न सांगता पोस्टात गेली. तिला वाचता येत नाही, म्हणून तिने पोस्टमास्तरांकडून वरचा पत्ता दोनदा वाचून घेतला, असे मास्तरांनी मागाहून सांगितले. मग रजिस्टर करून आली. पावती तिच्याजवळ आहे.

सिद्धाप्पा