आधी समोरच्याचा पॉइंट गार्ड

सर, काल टर्फवर पुन्हा तोच वाद निघाला. बास्केटबॉलमधला जगातला सगळ्यात भारी पॉइंट गार्ड कोण? तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमच्या घरी ज्यांच्यावरून आम्ही भांडायचो त्यातले बहुतेक जण रिटायर झाले, एकदोघं स्वतः कोच झाले. वाद मात्र तसाच आहे. मी सध्या नाहूरला एका टर्फवर बुकिंग बघतो. पुढे फुटबॉलचं हिरवं कार्पेट, मागे बास्केटबॉलचं अर्धं कोर्ट. काल अंधेरीच्या कुठल्याशा कंपनीतली चार मुलं खेळून झाल्यावर बूट काढून बसली आणि सुरू झाली. एक म्हणाला, लांबून तीन-तीन पॉइंटांचे थ्री टाकतो तोच बाप, गेम बदलला त्याने. दुसरा म्हणाला, टाकण्यात काय आहे, पॉइंट गार्ड म्हणजे जो खेळवतो तो, बाकी सगळे नुसते शूटर. मग आवाज चढले, आणि एकाने माझ्याकडे वळून विचारलं, ‘भाई, तू सांग ना, तू तर खेळलायस.’ मी म्हटलं, सांगतो, पण आमच्यात एक नियम होता. आधी समोरच्याचा पॉइंट गार्ड का भारी ते सांगायचं, समोरचा ‘बरोबर’ म्हणाला की मगच आपला काढायचा. ते हसायला लागले. ‘भाई, हे बास्केटबॉल कोर्ट आहे की हायकोर्ट?’ मीही हसलो आणि पुढच्या बुकिंगवाल्यांना आत सोडलं.

तुमच्या घरी रविवारची सकाळ. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे त्यांच्या मॅचेस आपल्याकडे चहाच्या वेळेला लागतात. मुलुंडच्या सिमेंटच्या कोर्टवर तुम्ही घ्यायचात ती प्रॅक्टिस झाली की घामेजलेले आम्ही पाच-सहा जण तुमच्याकडे यायचो. हॉल लहान, म्हणून टीव्ही स्वयंपाकघराच्या दाराशी ओढलेला असायचा आणि आम्ही अर्धे हॉलमध्ये, अर्धे ओट्याखाली. काकू कांदेपोहे करत आहेत, फोडणीचा ठसका सगळ्यांना लागतोय, आणि तुम्ही बनियनवर उभे राहून प्रत्येकाला एकेक खेळाडू वाटून देताय. ‘तू ह्याच्याकडे बघ, तू त्याच्याकडे. बॉलकडे बघायचं नाही. बॉलकडे काय, कुत्रं पण बघतं.’ मला नेहमी पॉइंट गार्ड मिळायचा, कारण मी तेच खेळायचो: बॉल घेऊन वर यायचं आणि कोणाला द्यायचा ते ठरवायचं. मी ठरवून ठरवून स्वतःलाच द्यायचो ही गोष्ट वेगळी. माझी नजर बॉलकडे सरकली की तुमचं मालवण बाहेर यायचं. ‘खंय बघतंस रे गाढवा? तो खंय आसा?’ आणि तो खरंच भलत्याच कोपऱ्यात असायचा, बॉल नसताना, कोणासाठी तरी वाट अडवून उभा.

नियम तुम्ही तुमच्या नोकरीतून, बँकेच्या युनियनमधून आणला होता. तुम्ही सांगायचात की मॅनेजरशी भांडायला जाताना आधी मॅनेजरचंच म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडायचं. तो गप्प होतो, कारण त्याला वाटतं ह्याला सगळं कळतं. मग तो ऐकतो. आम्हाला मॅनेजर नव्हते, पॉइंट गार्ड होते, म्हणून तुम्ही तो पॉइंट गार्डना लावलात. माझा लाडका तो शूटर, हाफलाइनच्या जरा पुढून टाकणारा. माझ्या दोस्ताचा तो जुना, पास देणारा, जो मान एकीकडे वळवून बॉल दुसरीकडे सोडायचा. एका रविवारी मला त्याची बाजू मांडायची होती. मी मांडली, पण कशी, तर तोंड वाकडं करून. पास चांगला देतो, मान्य, उंच आहे, मान्य, हुशार आहे, मान्य, झालं? दोस्त म्हणाला, नाही झालं. मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, अजून नाही. मजा घेत होता साला. मी प्लेट आपटली आणि पोहे तुमच्या लादीवर.

तुम्ही टीव्हीचा आवाज बंद केलात. ‘बाजू मांडतोयस की कोणाच्या तेराव्याला आलायस? त्याला तो का आवडतो हे तुला कळलंच नाही अजून. पाठ म्हणतोयस.’ मी म्हटलं, मला तो आवडतच नाही तर कसं कळणार. तुम्ही म्हणालात, ‘आवडत नाही तेव्हाच कळायला लागतं. आवडणाऱ्याचं काय कौतुक.’ मागून काकू म्हणाल्या, ‘तुमच्यातला एक तरी पॉइंट गार्ड सांडलेले पोहे उचलतो का, ते बघा आधी.’ सगळे हसले. मी पोहे गोळा केले आणि घरी निघून गेलो. कान इतके गरम की जिन्यात हात लावून बघितले होते. पुढच्या रविवारी पुन्हा आलो, कारण न येऊन काय करणार होतो?

तुम्हाला आम्ही किती वेळा विचारलं, सर, तुमचा कोण? तुम्ही कधी नाव घेतलं नाही. एकदा फक्त म्हणालात, ज्याच्याबरोबर खेळून बाकीची चार पोरं स्वतःला भारी समजायला लागतात, तो. आम्ही ओरडलो की हे उत्तर नाही, नाव सांगा. तुम्ही चहा बशीत ओतलात आणि पीत बसलात. माझं दहावीचं वर्ष चालू असताना तुम्ही बँकेतच खुर्चीत गेलात. स्मशानात आमची टीम एका बाजूला उभी होती. आमच्यातल्या कोणालाच रडायचं कसं ते माहीत नव्हतं, म्हणून आम्ही रांगेत उभे राहिलो.

नंतरचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगण्यासारखं नाही. कॉलेजला इंजिनिअरिंग घेतलं. दुसऱ्या वर्षाला टीममधून काढलं, कारण मी स्पोर्ट्सच्या सरांना सगळ्यांसमोर म्हटलं की तुम्हाला गेममधलं काही कळत नाही. ते खरं होतं, पण ते म्हणायचं नसतं. टीम नाही तर कॉलेज कशाला, असं म्हणून त्याच आठवड्यात बाहेर पडलो. घरी महिनाभर रणकंदन. बाबा म्हणाले, ‘वाट लावलीस स्वतःची.’ आई म्हणाली, ‘निदान परीक्षा तरी दे.’ त्या दोघांची बाजू मी अजूनही मांडू शकतो, अगदी त्यांच्याहून नीट. तेव्हा मांडली नाही. आता घरी शांतता आहे. बाबा टर्फला ‘तुझं ते मैदान’ म्हणतात, आणि कधी कधी त्यांच्या ऑफिसातल्या कोणाच्या मुलासाठी रविवारचा स्लॉट मागतात.

पण कॉलेजात एक गोष्ट झाली होती. मुलींच्या टीमची पॉइंट गार्ड. बोरीवलीची, अंगाने बारीक, केस कायम ओले, कारण सकाळी पोहून यायची. कॅन्टीनमध्ये मी माझ्या शूटरचं गुणगान चालवलं होतं आणि ती शेजारच्या टेबलवरून म्हणाली, ‘ए, त्याच्या किती मॅचेस पूर्ण बघितल्यास? पूर्ण. रील्स नाही.’ मी तापलो. ती म्हणाली, तिच्या मते तो जुना पास देणारा बेस्ट, आणि तो खेळत होता तेव्हा आपण जन्मलो पण नव्हतो म्हणून त्याचं भारीपण कमी होत नाही. म्हणजे माझ्या दोस्ताचाच माणूस. तिला गप्प करायला म्हणून मी तुमचा नियम काढला. म्हटलं, आधी माझ्यावाल्याची बाजू मांड, बघू.

सर, ती थांबली. वडापाव खाली ठेवला, हात पुसले. मग म्हणाली, तुझ्यावाल्याकडे बॉल नसतो तेव्हा बघ. तो नुसता पळतो, वाट अडवून उभ्या असलेल्या आपल्याच माणसाच्या आड जातो, पुन्हा बाहेर येतो, आणि दोन-दोन डिफेंडर त्याच्या मागे धावतात, कारण त्याला एक क्षण मोकळा सोडायची कोणाची हिंमत नाही. म्हणजे इकडे चार जणांना अडवायला तीनच उरतात. बॉलला हात न लावता तो बाकीच्यांना मोकळं करतो. लोकांना वाटतं तो नुसता टाकतो. तो न टाकतासुद्धा पास देत असतो. एवढं बोलून तिने वडापाव उचलला. ‘बरोबर?’ मी म्हटलं, बरोबर. माझ्या माणसाबद्दल इतकं चांगलं मी स्वतः कधी बोललो नव्हतो. मला वाटतं माझं जे काही झालं ते तिथेच झालं. तिच्यावाल्याची बाजू मांडायची माझी पाळी होती, ती राहूनच गेली.

कॉलेज सुटलं, ती सुटली नाही. मुलुंडहून बोरीवली काही जवळ नाही, पण बाइक होती. नॅशनल पार्कच्या गेटसमोर एक डोसेवाला आहे, तिथे आम्ही रविवारी संध्याकाळी भेटायचो आणि सकाळच्या मॅचवर भांडायचो. आम्ही म्हणजे काय होतो ते कधी ठरलं नाही. तिच्या मैत्रिणी मला ‘तुझा तो वादवाला’ म्हणायच्या. मी तिला घरी सोडताना सोसायटीच्या गेटच्या एक बिल्डिंग अलीकडे थांबायचो. हात धरला दोनदा, दोन्ही वेळा रस्ता क्रॉस करताना. मनात मात्र मी पार लग्नाच्या हॉलपर्यंत जाऊन आलो होतो.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता ती म्हणाली, चेन्नईच्या एका ऑफिसच्या टीमने बोलावलंय. नोकरी, पगार, राहायची सोय, रोज प्रॅक्टिस. आठवड्याभरात कळवायचंय. घरचे म्हणतात, एवढ्या लांब कशाला, बाबांच्या मित्राच्या फर्ममध्ये अंधेरीला जागा आहे. ‘माझं डोकं फिरलंय. तू सांग. जाऊ की नको?’

मी म्हटलं, नको. लगेच, तिचं वाक्य संपायच्या आत.

ती म्हणाली, ‘असं नाही हां. नियम कोणाचा? आधी माझी बाजू.’

मी पाठ म्हणायला गेलो होतो, सर, तोंड वाकडं करायलाच. पण समोर ती होती. मी म्हटलं, इथे तू रविवारी टर्फवर आम्हा पोरांबरोबर खेळतेस. आम्ही मनात आलं तर पास घेतो, नाही तर मोबाइल बघतो. तू चांगला पास देतेस आणि तो आमच्या हातून सुटतो, आणि तू सॉरी म्हणतेस. तिकडे पास पकडणारे असतील. दोन-चार वर्षांनी तुला कोणी बोलावणार नाही. अंधेरीची फर्म तेव्हाही असेल. ती मान हलवत होती, पण ‘बरोबर’ म्हणत नव्हती. मग माझ्या तोंडून निघालं, आणि तुला भीती वाटते की तू तेवढी चांगली नाहीस. इथे राहिलीस तर ते कधीच कळणार नाही, म्हणून इथे बरं वाटतं. आणि नेमकं म्हणूनच तुला जायचंय.

तिने डोशाचा तुकडा हातात तसाच धरला होता. मग म्हणाली, ‘हो यार. हेच. मला पण हे असं माहीत नव्हतं.’ आणि तोंड पुसून म्हणाली, ‘बरोबर. आता तुझी बाजू.’

माझ्याकडे एकच वाक्य होतं. तेही तिच्या बाजूपुढे ठेवलं तर एवढंसं दिसलं असतं. घरून येताना ते चांगलं मोठं होतं. मी म्हटलं, ‘माझी काही नाही. चटणी संपली, अजून मागवू?’ ती म्हणाली, ‘नक्की?’ मी म्हटलं, नक्की. त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला होता. तुमच्या बँकेच्या मॅनेजरला निदान त्याचं मांडून झाल्यावर आपलं ऐकवता तरी येत होतं. समोरच्याची बाजू इतकी नीट मांडली की आपल्यालाच ती पटते, मग काय करायचं, हे तुम्ही शिकवलं नाहीत. कदाचित पुढच्या एखाद्या रविवारी शिकवणार होतात.

ती गेली. एअरपोर्टवर तिचे सगळे घरचे होते, मी सांताक्रूझपर्यंत गेलो आणि सिग्नलवरून बाइक वळवून परत आलो. मेसेज येतात. सुरुवातीला रोज, आता मॅच असली की. तिकडचा कोच तिला पहिल्या पाचात खेळवतो. तिने लिहिलं होतं, इथली सेंटरला खेळणारी मुलगी माझे पास न बघता पकडते, मला आता सॉरी म्हणायची सवय सुटली.

परवा तिची मॅच होती, मोबाइलवर दिसत होती. मी टर्फच्या काउंटरवर बसून पूर्ण बघितली. कॉमेंटेटर तिच्या आडनावाचा पार चुथडा करत होता. ती बॉल घेऊन वर येते, हात वर करते, आणि बाकीच्या चौघी हलतात. मला नाही वाटत की जगातल्या कुठल्या पॉइंट गार्डवर आता मला वाद घालायचा आहे. काल त्या अंधेरीच्या मुलांना मी माझं मत सांगितलंच नाही.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही. काकू मुलीकडे पुण्याला गेल्या, तुमच्या घरात आता दुसरं कोणीतरी राहतं. असता तर रविवारी येऊन तोंडाने सांगितलं असतं, बहुतेक काकू आत गेल्यावर.

मॅच त्या जिंकल्या. नंतर तिने विचारलं, ‘बघितलीस? कशी खेळले?’ त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. खूप छान खेळली, हे खरं आहे, तेच लिहीन. पण शेवटच्या क्वार्टरमध्ये दबाव होता आणि तिच्या हातून बॉल निसटून सरळ बाहेर गेला. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर गेला, ती घाबरलेली दिसत होती, परत यावंसं वाटत असल्यासारखी, आणि सर, मला बरं वाटलं.