विठाबाईला गाव द्या

कर्जत,
ता. ८ फेब्रुवारी १९७४

श्री. श्रीपतराव यांस,

स. न. वि. वि.

पत्र कुणाचं ते अक्षरावरून ओळखलंच असेल. इतकी वर्षं आपण एकमेकांना कार्डं टाकली, पण नमस्कार मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. आपल्या कोडीमंडळाचा नियमच तसा होता. कार्डावर जागा कमी, ती सगळी कोड्याची; नमस्कार-चमत्कार, घरची खुशाली, पाऊसपाणी काही लिहायचं नाही. नियम तुम्ही केला होता आणि चांगला होता. आज आंतर्देशीय घेतलं आहे, जागा आहे, म्हणून विचारते. तब्येत बरी ना? कारखान्यातली पाळी अजून बदलती आहे का? आमच्याकडे ठीक आहे. आईच्या गुडघ्यांनी संप केला आहे, जिभेने मात्र केलेला नाही. मी त्याच शाळेत आहे. यंदा चौथीचा वर्ग दिलाय.

मुद्दाम लिहिण्याचं कारण म्हणजे तुमचा सत्कार. सतरा तारखेला, रविवारी सकाळी, कर्जतच्या वाचनालयात तुमच्या कोड्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन आहे असं फळ्यावर वाचलं. शाल, नारळ, अध्यक्ष, सगळं रीतसर. अशा वेळी 'वाचून आनंद झाला' असं लिहितात. मला झाला नाही.

सुरुवात आठवते का? पुण्याच्या साप्ताहिकात कोडी सोडवणाऱ्यांची नावं-पत्ते छापून यायचे. सगळे पुण्यामुंबईचे, आणि त्यात एक खालापुराकडच्या कुंभिवलीचा, तुमचा. मला इतकं नवल वाटलं की त्याच दिवशी कार्ड टाकलं. तुम्ही उलटटपाली विचारलंत, अकरात दोन मिळवले की एक होतो, तो कुठे? मी मास्तरीण असून मला सुचेना. शाळेच्या भिंतीवर घड्याळ टांगलेलं, त्याच्याखाली बसून मी विचार करत होते. शेवटी हरले म्हणून मी तुम्हाला नेरळ देऊन टाकलं. कार्ड मंडळात फिरलं आणि त्यावर नेरळच्या पदू मास्तरांचं कार्ड आलं, की बाई, मी इथं राहतो, मला न विचारता गाव कसं दिलंत? असे दिवस होते.

गाव द्यायची रीत आमच्या घरची. लावणीला बायका ओळीने वाकल्या की आई कोडं घालते. जिला येणार नाही तिने गाव द्यायचं. 'हरले, पळसदरी घे,' एवढं म्हणायचं. गाव मिळाल्याशिवाय उत्तर सांगायचं नाही, मग अख्खी लावणी संपली तरी बेहत्तर. अर्धा तालुका आपल्या नावावर आहे असं आई अजून सांगते आणि रस्ता खराब दिसला की 'माझ्या गावात हे काय चाललंय' म्हणून ओरडते. मी ही रीत मंडळाला कळवली आणि तुम्हा सगळ्यांना आवडली.

माझी कोडी शाळेतली, बेतास बात. तुम्हाला आवडायची ती आईची. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात मी 'आईचं' असं लिहीत होते, जागा कमी असली तरी लिहीत होते. तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं असं तरी म्हणू नका.

मग मी तुम्हाला आईचं सगळ्यात जुनं कोडं पाठवलं. नवी नवरी होती तेव्हाचं, तिने स्वतः जुळवलेलं:

गोल तिचं तोंड, खोल तिचं मन,
तू वाकलास तर हसते, मी वाकले तर रुसते,
साऱ्या गावाशी बोलते, माज्याशी बोलत नाय,
सांग रं भावा, ती कोण हाय?

तुम्ही हरलो म्हणाला नाहीत, गाव दिलं नाहीत. 'सोपं आहे, उत्तर समक्ष येऊन सांगतो,' असं कार्ड आलं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो. ट्रान्झिस्टरवर गावकऱ्यांचा कार्यक्रम लागला होता आणि कुणी गृहस्थ कोडी सांगत होते. आईचा घास हातातच राहिला. मला म्हणाली, "हिरे, ह्यो माजं सांगतोय." तुमचं नाव आलं तेव्हा मी ताट सरकवलं. एकामागून एक आठ-दहा कोडी तुम्ही सांगितलीत आणि ही सगळी माझ्या आजीकडून ऐकली म्हणालात. शेवटी हेच कोडं घातलंत. उत्तरही दिलंत: सासू. निवेदकबाई खळखळून हसल्या. तुम्ही वाकलात तर हसते, सून वाकली तर रुसते, म्हणजे सासूच की. आईसुद्धा हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "माजं कोडं दुसऱ्याच्या आजीचं कसं झालं गं?"

तिने पुन्हा विचारलं नाही, पण तेव्हापासून लावणीची, नाचणीची, कुठलीच कोडी घरात निघत नाहीत. मी घातलं तर म्हणते, जा, त्या रेडिओवाल्याला विचार. आईला शाल नको आहे, श्रीपतराव. हे विठाबाईचं आहे, असं चार माणसांत कुणीतरी म्हणावं, एवढं हवं आहे. ती सत्तरीला आली. मला ते तिच्या कानांनी ऐकायचं आहे.

तरी एवढ्यासाठी मी कदाचित पत्र लिहिलं नसतं. कोडं तोंडोतोंडी फिरतं, कुणाचं कुणाला चिकटतं. एखादा आयत्या बिळावर नागोबा होतो, आपण नाक मुरडतो आणि सोडून देतो.

दुसरी एक गोष्ट आहे. ती लिहावी की नाही यात माझी दुपार गेली. लिहितेच.

तुम्ही आला होतात. 'समक्ष सांगतो' म्हणालात तसे खरंच आलात. वैशाखातला रविवार होता, रेडिओच्या आधीचा. आईने सकाळपासून वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, ओटा सारवला होता. आपल्या कोड्याला घाबरून माणूस घरी येतोय याचं तिला फार कौतुक वाटत होतं. ओट्यावरून फाटा दिसतो. एस. टी. थांबली, पांढऱ्या सदऱ्यातले तुम्ही उतरलात. फाट्यावरच्या चांगोच्या हॉटेलात माझ्या वडिलांचं, धर्माजींचं घर विचारलंत. त्याने हात करून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "तिकडे तर बौद्धवाडी हाय." तो म्हणाला, "मंग? तितंच." तुम्ही बाकावर बसलात, चहा प्यालात, आणि उलट जाणाऱ्या एस. टी.त चढलात. मी ओट्यावर उभी होते. हात वर केला होता मी, तुम्हाला घर चुकायला नको म्हणून.

आईला मी सांगितलं, कुणी दुसराच असेल. ती म्हणाली, असेल. मग आम्ही दोघी जेवलो. चांगोने सगळं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, खाली मान घालून.

तुमचं कार्ड आलं: 'अचानक पाळी लागली, पुन्हा केव्हातरी.' कार्डावर खुशाली लिहायची नाही हा नियम तुम्ही त्या दिवशी मोडलात. त्यानंतर कार्ड नाही. पुढे पदू मास्तर बाजारात भेटले तेव्हा कळलं, की हिराबाईंना लग्नाच्या गडबडीत वेळ नाही, त्यांनी मंडळ सोडलं, असं तुम्ही सगळ्यांना कळवलंत. माझं लग्न तुम्हीच लावून टाकलंत. मला मंडळातून काढलंत आणि आईची कोडी ठेवून घेतलीत. आमच्या घरचं पाणी चालत नाही, कोडी चालतात.

तुमची कार्डं शाळेच्या पत्त्यावर यायची, पण मी काही लपवलं नव्हतं. तुम्ही विचारलं नव्हतं.

तर आता नोटीस. रविवारी आई आणि मी वाचनालयात येतो आहोत. पुढच्या रांगेत बसू. तुमच्या गळ्यात हार पडला की आई उठेल आणि कोडं घालेल. 'सासू' हे उत्तर चूक आहे. बरोबर सांगा, किंवा सगळ्यांसमक्ष 'विठाबाई, मी हरलो' म्हणा आणि गाव द्या. दुसरं कुठलंही चालणार नाही, तुमचं कुंभिवलीच द्या.

आधीपासून का कळवते? तुम्हाला वाटेल, बाई सभ्य आहे. तसं नाही. न सांगता आले असते तर पाच मिनिटांत आटपलं असतं. मला तुमचे हे सगळे दिवस हवे आहेत. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ना? चिंतत बसा.

घरी सर्वांना नमस्कार. आजींना विशेष.

हिरा धर्माजी


कर्जत,
ता. १९ फेब्रुवारी १९७४

श्री. श्रीपतराव यांस,

तुम्हाला एकाएकी ताप भरला असं स्टेजवर सांगण्यात आलं. काळजी घ्या.

तुमची खुर्ची रिकामी होती. टेबलावर शाल, नारळ, हार तसेच. पुस्तकाच्या गठ्ठ्याला लाल फीत. माणसं शिळफाट्यापासून आली होती. अध्यक्ष घड्याळ बघत होते आणि वाचनालयाचे काळूराम चिटणीस घाम पुसत होते. तेवढ्यात आई उठली. मी तिला धरलं नव्हतं, गुडघे विसरली होती ती. चिटणीसांना म्हणाली, "तो नाय आला तर नाय. आमी आलोय. कोडं घालू का?"

चिटणीसांना वेळ काढायचाच होता, त्यांनी माईक दिला.

कोडं ऐकून निम्मं सभागृह ओरडलं, सासू! रेडिओ सगळ्यांनीच ऐकला होता. आई म्हणाली, "चूक." मग कुणी आरसा म्हणालं, कुणी नशीब, कुणी चंद्र. मागून कुणीतरी 'सरकार' म्हणालं त्याला टाळ्या पडल्या. आई मान हलवत राहिली. मग म्हणाली, हरलात तर गाव द्या. रीत काय ती मी उठून सांगितली. लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले. चिटणीस भला माणूस. हात जोडून म्हणाले, "आजी, हरलो आम्ही. कर्जत घ्या."

आई म्हणाली, "घेतलं."

मग तिने उत्तर सांगितलं. "गावची विहीर. मी नवी आले तवा तिच्यापाशी वाकायची सोय नव्हती आमाला. कळशी खाली ठेवून लांब उभं रायचं. कुनी वरून वतलं तर वतलं."

आई कुणावर चिडली नव्हती, लावणीत उत्तर सांगते तसंच तिने सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने पदर डोळ्याला लावला. तुम्हाला ते उत्तर का आलं नाही हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. तुम्ही वाकलात की ती कायम हसलीच असेल.

मग मी सांगितलं, की तुम्ही रेडिओवर सांगितलेली कुठली कोडी कुणाची आहेत. नेरळचे पदू मास्तर आले होते. ते उठून म्हणाले, कार्डं मीही वाचलीत, कोपऱ्यात 'आईचं' लिहिलेलं असे. फीत सुटली नाही. गठ्ठा चिटणीसांच्या कपाटात गेलाय, विठाबाईचं नाव छापल्याशिवाय निघणार नाही असं ते म्हणाले. शाल त्यांनी आईला द्यायला काढली. आईने घेतली नाही. म्हणाली, ज्याची हाय त्याला पोचवा, ताप आलाय त्याला.

इथे थांबले असते तर मी चांगली बाई ठरले असते. पण तुम्ही आला नाहीत, आणि माझं काही भागलं नव्हतं. आईचंही नव्हतं. माईक तिच्या हातात होता. ती म्हणाली, एक नवीन जुळवलंय, ऐका:

आला रं आला, पांढरा सदरा ल्याला,
वाटेवर बसून च्या प्याला,
वाडीचं नाव ऐकलं नि माघारी गेला,
कोडी आमची, शाल त्याला,
सांगा बाय, तो कोण झाला?

या वेळी कुणालाच गाव द्यावं लागलं नाही. सगळ्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, आणि मागच्या बाकावरून उत्तर आलं. मी नाव घेतलं नाही, आईने नाही. खाई त्याला खवखवे.

काल बाजारात हे कोडं मी दोनदा ऐकलं. एकदा भाजीवालीकडे, एकदा टेंपोवाल्यांच्यात. आज माझ्याच वर्गातल्या मुलीने मला घातलं आणि उत्तरही सांगितलं, तुमच्या गावासकट. तिला तुम्ही कोण हे ठाऊक नाही. तिच्या लेखी 'श्रीपत' हे फक्त एका कोड्याचं उत्तर आहे. आईची कोडी चाळीस-चाळीस वर्षं चालतात, श्रीपतराव. लावणीपर्यंत हे खालापुरात पोचेल. तुमच्या शेतात बायका वाकतील तेव्हा बांधावर उभे राहून ऐका. चाल चांगली आहे.

हे पाकीट शेवटचं. यापुढे मी मंडळाच्या नियमाने लिहिणार, उघडं कार्ड, त्यावर फक्त कोडं. हेच कोडं. दर महिन्याला एक. तुमच्या पोस्टमनला वाचायची आवड आहे असं पदू मास्तर सांगत होते. कुंभिवली द्याल त्या दिवशी कार्डं बंद होतील. समक्ष द्यायचं, ओट्यावर बसून, आमच्या घरचं पाणी पिऊन. नाही दिलंत तरी माझी हरकत नाही. मला कार्डं लिहायला आवडतात.

आणि यापुढे खोपोलीच्या गाडीसाठी कर्जतला उतराल, तेव्हा चपला जरा जपून टाका. ते गाव विठाबाईचं आहे.

आई बाहेर ओट्यावर बसली आहे आणि आज सकाळपासून पुन्हा कोडी घालते आहे. तिने तुम्हाला काही सांगायला नको म्हटलंय. मी माझं सांगते, जे तुम्हाला पहिल्या कार्डावर लिहायला जागा नव्हती.

जय भीम.

हिरा धर्माजी
घर : चांगोच्या हॉटेलावरून सरळ,
बौद्धवाडी, ता. कर्जत