मोज्यातलं पाकीट

दादा,

साष्टांग नमस्कार, तोही केवळ आईने वळण लावलंय म्हणून.

पार्सल पोचलं. स्वेटर मापात बसला. पण मोज्यात सिगारेटचं पाकीट कोंबायची अक्कल कुणाची? वर चिठ्ठी, "असू दे अडीनडीला." सोडून एकोणीस दिवस झालेत हे तुला माहीत होतं. पहिला झुरकाही तूच दिला होतास. तेवढ्याने पोट भरलं नाही का?

माझी काळजी नको. कारखान्यात चहाच्या सुट्टीत क्रेनवाला माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालतो. त्यानेही सोडलीय. दोघं च्युइंगम चघळत साहेबाला शिव्या घालतो, वेळ जातो.

पाकीट सापडलं तेव्हा मात्र काडेपेटी शोधायला लागलो. मग दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना फोन लावला आणि तुझा यथेच्छ उद्धार केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ स्वतः दिवसाला किती ओढतात?"

मी म्हटलं, ते त्यालाच विचारा. तुला तरी सांगता येईल का? तुझा खोकला सुरू झाला की आई टीव्हीचा आवाज वाढवते, असं वहिनी म्हणाली. खबरदार वहिनीवर डाफरलास तर!

आईचे गुडघे कसे आहेत?

सिगारेटी नळाखाली भिजवून फेकल्या. रिकामं पाकीट परत पाठवतोय. त्यावर बाईंचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिलाय. कुठूनही फोन आला तरी त्या उचलतात.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तिथे बोल.

तुझा,
तुझ्यावर भयंकर चिडलेला धाकटा