एकदाच दिलेला पुकारा

१४ ऑक्टोबर, शनिवार

तीर्थस्वरूप दादांस,

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? आम्ही इथे बरे आहोत. धाकटीची परीक्षा संपली.

परवा सकाळी मी ऑफिस उघडायच्या आधीच गेलो. झाडणाऱ्या मावशींना म्हटलं, "जरा त्या नळामागच्या बाकावर बसता का?"

"का? फोटो काढताय माझा?"

"बसा तर."

मी माझ्या खुर्चीत बसून नेहमीच्या आवाजात एक नाव पुकारलं. मग उठून त्यांना विचारलं, ऐकू आलं का? "काय ऐकू यायचं होतं?" म्हणाल्या. मग दारात उभं राहून तेच नाव पुकारलं. "अहो, हळू! बहिरी नाही मी."

ते नाव कोणाचं हे तुम्हाला ठाऊक आहे. मी साहेबांच्या कागदावर सही टाळली तेव्हा त्यांनी तुम्हाला फोन केला असणार, कारण तासाभरात तुमचा मला आला. तुम्ही म्हणालात, "सही करून मोकळा हो." मी "बघतो" एवढंच म्हणालो. तुमच्यापुढे माझी जीभ उचलत नाही, हे लहानपणापासूनचं. म्हणून पत्र.

साहेबांनी तुम्हाला सगळं सांगितलं नसेल. ती बाई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. नवऱ्याने सहा वर्षांची मुलगी स्वतःकडे ठेवून घेतली आहे. ताब्याच्या दाव्यात त्याला वकील आहे, हिला नाही. म्हणून तिने आपल्या कायदेशीर मदत कार्यालयात मोफत वकिलासाठी अर्ज केला. अर्ज तपासणारी समिती बसते त्या दिवशी ती पुकाऱ्याला आली नाही. "तीनदा पुकारूनही गैरहजर, स्वारस्य नाही" असा शेरा मी लिहिला, आणि त्यावर समितीने अर्ज फेटाळला. आता तिने स्वतःच्या हाताने लिहून तो निर्णय वरच्या न्यायालयात नेला आहे. म्हणणं एकच: मी दहापासून चारपर्यंत तिथेच बसले होते. न्यायालयाने विचारलं आहे, पुकारा कसा दिला ते शपथेवर सांगा. येत्या गुरुवारी सुनावणी आहे. तिथेही अर्ज फेटाळला गेला, तर मुलीसाठी ती एकटीच त्या वकिलासमोर उभी राहणार.

साहेबांनी माझ्या प्रतिज्ञापत्राचा कागद तयारच ठेवला होता. त्यात होतं: "दारात उभे राहून, मोठ्याने, तीन वेळा."

"करा सही. चहा निवतोय."

"वाचून करतो."

"एकवीस वर्षांत कधी वाचलंत?" ते हसले. खरंच होतं ते.

मी याच ऑफिसात तुमच्या हाताखाली नवा होतो तेव्हा प्रत्येक नावाला उठून दारात जायचो. आठवतं? तुम्ही म्हणालात, "अरे, टेबल सरकारचं आहे, घसा आपला. खुर्चीतून एक हाक मार, तीन लिही. ज्याला गरज असते तो दारातच उभा असतो." सगळे हसले, मीही हसलो. लोक खरंच दारात उभे असत, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. निदान मी तसं धरून चाललो.

त्या दिवशी दाराशी रंगकाम चाललं होतं.

आता जे लिहितो ते मी घरीही सांगितलेलं नाही. त्या बाईला नळामागच्या बाकावर मीच पाठवलं होतं. ती येऊन म्हणाली, "भाऊ, रंगाच्या वासाने डोकं फिरतंय. पण इथून हलले तर माझा नंबर जाईल का?" मी म्हटलं, "तिकडे बसा, मी बोलावतो." आणि फायलींच्या गठ्ठ्यात विसरलो. चार वाजता ती तिथेच होती, डबासुद्धा न उघडता. "अजून किती आहेत माझ्याआधी?" म्हणाली.

मी म्हणालो, "तुमचं नाव होऊन गेलं, बाई. लक्ष कुठे होतं?"

फाइल तेव्हा माझ्या हातात होती, दादा. समितीच्या सह्या व्हायच्या होत्या. एक रेघ मारून शेरा खोडता आला असता. ती मला "चुकलंच माझं" म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून रोज हात जोडून उभा राहतो आणि प्रार्थना मध्येच अडते. देवाकडे तक्रार नाही. तो कुठे अडवतो आहे ते कळत होतं, पुढे जायची हिंमत होत नव्हती.

काल रजा टाकली. साहेबांचा कागद सहीविना त्यांच्या टेबलावर ठेवला आणि माझं वेगळं प्रतिज्ञापत्र घेऊन न्यायालयात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "ऑफिसतर्फे?"

"नाही. माझ्यातर्फे."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "नोकरीला कंटाळलात की काय?" आणि शिक्का मारला.

प्रतिज्ञापत्राच्या सातव्या परिच्छेदात ही पद्धत कोणाकडून आली ते लिहायचं होतं. आधी "पूर्वीच्या कर्मचाऱ्यांकडून" असं लिहिलं. वाचून पाहिलं तर ते साहेबांच्या कागदासारखंच वाटलं. ते खोडलं आणि तुमचं पूर्ण नाव लिहिलं. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

तुम्हालाही नोटीस येईल. ती येण्याआधी हे तुम्हाला माझ्याकडून कळावं. मी काय केलं ते कळवतो आहे, परवानगी मागत नाही. ते कालच दाखल झालं.

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
धाकटा