नागोबाच्या गालाचे हाड

मी, परशराम भावकू होनगेकर, वय एकोणसाठ, निवृत्त शाळामास्तर, मूळचा कडोलीचा, हल्ली राहणार शहापूर, आज अंगात ताप नसताना आणि कोणी शेजारी बसून सांगत नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. डॉक्टरांनी छातीचे दुखणे सांगितले आहे; डोके शाबूत आहे. धाकटे बंधू आण्णाप्पा याच्या उलट सांगतील. बावीस वर्षे ते तेच सांगत आले आहेत.

कलम १. शहापूरचे राहते घर, भांडीकुंडी व पोस्टातली शिल्लक पत्नी सौ. रुक्माबाई हिला. तिला कोणी घराबाहेर काढू नये.

कलम २. आण्णाप्पास माझा चष्मा. त्याला कधीच नीट दिसलेले नाही.

कलम ३. भिंग, सुया, आणि सरडा, घोरपड, धामण यांच्या मी स्वतः साफ केलेल्या कवट्या माझी जुनी विद्यार्थिनी कु. लतिका आनंद कुलकर्णी हिला. ती पुण्यास जीवशास्त्र शिकते. या कवट्यांपायी ज्या शेजाऱ्यांनी आमच्या घरचे पाणी पिणे सोडले, त्यांना काही ठेवलेले नाही.

कलम ४. वाटणीत कडोलीची जमीन आण्णाप्पाकडे गेली. विहीर निम्मी माझी राहिली. ती निम्मी विहीर लतिकेस. का, ते कोर्टात विचारतील म्हणून लिहितो.

सन १९२४ साली विहीर खोल करताना काळ्या खडकाखाली मऊ दगडाचा थर लागला. त्यात दगड झालेली, तळहाताएवढी कवटी होती. जबडा सापाचा, दात मागे वळलेले. पण डोळ्याखाली गालाचे हाड होते. आजच्या सापाला ते नसते, घोरपडीला असते. म्हणजे साप हा पायवाल्या सरड्यांच्याच घराण्यातला, आणि आख्खा बेडूक गिळणारे त्याचे तोंड एका दिवसात मोकळे झालेले नाही, एकेक हाड टाकत झाले. हे सारे त्या काडीएवढ्या हाडात होते, आणि मला ते वाचता येत होते.

गड्याने पहार उचलली. फोडू नकोस म्हटले तर ऐकेना. तेव्हा मी ओरडलो, "नागोबा हाय रं त्यो! हात लावू नगंस!"

पहार थांबली. आण्णाप्पाने त्याच दिवशी काठावर कट्टा बांधून कवटी बसवली आणि शेंदूर फासला. मागायला गेलो, तर म्हणाला, "दादा, तूच म्हणालतास न्हवं, नागोबा हाय म्हणून? आता हाड म्हंतोस व्हय?"

पुण्याच्या एका प्रोफेसरांना चित्र काढून पाठवले. उत्तर आले, चित्रावर शास्त्र चालत नाही, हाड पाठवा. हाड दर पंचमीला शेंदराच्या आणखी एका थराखाली जात होते.

रुक्माबाईने त्या नागोबापाशी मूल मागितले. अकरा वर्षे दूध वाहिले. मी तिला अडवले नाही, आणि ते हाड आहे हेही सांगितले नाही. माझ्याकडून तिला ते या कागदातूनच कळेल. तिची मी क्षमा मागतो. आण्णाप्पाची मागत नाही.

यंदा पंचमीच्या तोंडावर शेंदराचे कवच आपोआप सुटून पडले. आमची बहीण अक्काताई हिने निरोप धाडला, "दादा, नागोबानं कात टाकली, बघाय ये." धावत गेलो. कवटी स्वच्छ उघडी होती. गालाचे हाड मात्र नव्हते. ते कवचाला चिकटून निघाले होते, आणि कवच रीतीप्रमाणे आण्णाप्पाने विहिरीत सोडले होते.

गाळ काढू म्हटले, तर म्हणतो, "नागोबाची कात हाय त्यात. ढवळायची न्हाय." वकिलांना विचारले आहे. निम्म्या मालकाला उन्हाळ्यात गाळ काढण्याचा हक्क आहे. लतिकेने तो बजावावा आणि गाळ बारीक चाळणीत धुवावा.

एकोणसाठ वर्षांत गावाने माझे एकच बोलणे खरे मानले, आणि तेच खोटे होते.

हाड सापडले, तर आधी गड्यांना ते हाड आहे असे सांगावे. त्यांनी पहार उचलली तरी तेच सांगावे.

परशराम भावकू होनगेकर (सही)

मास्तरांनी हा कागद आम्हांस वाचून दाखवून आमच्यादेखत सही केली:
१. रघुवीर विनायक केळकर, वकील, बेळगाव (सही)
२. शामू मष्णू कोष्टी, हातमागवाले, शहापूर (सही)

मुक्काम शहापूर, ता. १९ ऑगस्ट १९४६