फोर्कमध्ये कुठलं तेल

चिमणे,

मी शिवणवर्गाला गेलेय, सहापर्यंत येईन. तू परत जायच्या आधी बाबांच्या मोटरसायकलचं तेल बदलून देते म्हणालीस, म्हणून लिहितेय.

लाल डब्यातलं तेल गिअरबॉक्सचं. गिअरबॉक्समध्ये कारच्या इंजिनचं तेल घालू नकोस. या म्हाताऱ्या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडलेला असतो, तो घसरायला लागतो. हे मी वाचून नाही, गाडी घरापर्यंत ढकलत आणून शिकले.

पुढच्या फोर्कचं, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या त्या दोन नळ्यांचं, मात्र तू ठरव. बाबा गेल्यावर मी त्यांच्यासारखंच जाड तेल भरलं. माळावरच्या खड्ड्यांत फोर्क दबेचना, मनगटं भरून आली. महिनाभर गाडीला शिव्या घातल्या. मग उमगलं, ते तेल त्यांनी आम्हा दोघांचं वजन धरून निवडलं होतं. जन्मात पहिल्यांदाच मी कशाला तरी हलकी पडले!

एकटीपुरतं पातळ तेल निळ्या बाटलीत आहे. जाड तेल काढून दोन्ही नळ्यांत हे सारखं मापून घाल. पण रविवारपर्यंत थांबून माझ्या मागे बसणार असशील, तर बाटली उघडूच नकोस, आतलं जाड तेलच राहू दे.

थांबणार की नाही, ते तोंडाने सांगू नकोस. आल्यावर मी हँडल दाबून बघेन.

आई